माईकवर न पुकारलेलं नाव

चमत्काराच्या बातम्या मी तेवीस वर्षं कापत आलो आहे. जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बसणाऱ्याचं ते नेहमीचंच काम. तालुक्याहून मजकूर येतो — कुठे मूर्तीच्या डोळ्यांतून पाणी, कुठे आटलेल्या विहिरीला एका रात्रीत झरा — आणि मी शेवटी ‘असा भाविकांचा दावा आहे’ एवढं जोडून तो आतल्या पानावर दोन परिच्छेदांत बसवतो. श्रद्धेची टिंगल मी कधी केली नाही. पण असल्या गोष्टींवर विश्वासही कधी ठेवला नाही. मला जागा लागते, वेळ लागते आणि एकमेकांच्या सांगण्यावर न बोलणारे दोन साक्षीदार लागतात. या प्रकरणात जागा आहे, वेळ आहे. साक्षीदार मात्र दीडच आहेत... त्यातला अर्धा म्हणजे माझी आई. म्हणून हे पेपरात न लिहिता इथे लिहितो आहे.

आधी माणसं सांगतो. आम्ही मूळचे वडनेर भोलजीचे, तालुका नांदुरा. मी नोकरीमुळे बुलढाण्यात राहतो. मोठा भाऊ सुधाकर, ज्याला मी दादा म्हणतो, तो गावी शेती पाहतो. घरात त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी. आणि आमची माय, शांताबाई. वय चौऱ्याहत्तर.

दोन वर्षांपासून माय विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग नातवंडांची नावं. गेल्या होळीनंतर एके सकाळी तिनं दादाला विचारलं, तुम्ही कोण्या गावचे पाहुणे. अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो मागे फिरत नाही, हेही सांगितलं. त्याच्या जोडीला पंचवीस वर्षांची शुगर. सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन आणि त्यानंतर बाराच्या आत जेवण — हे एक वेळापत्रक घरात सगळ्यांच्या वर होतं. जेवण चुकलं की तिची शुगर एकदम उतरायची. घाम, हातांची थरथर, मग शुद्ध जायची. एकदा तसं झालं होतं आणि खामगावला तीन दिवस ठेवावं लागलं होतं. पुढच्या वेळी उशीर केलात तर माझ्याकडे आणून उपयोग नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी वहिनीला सरळ सांगितलं होतं. दादाला नाही, मला नाही. वहिनीला. कारण इंजेक्शन तीच द्यायची.

सगळं विसरणारी माय गुरुवार मात्र विसरत नव्हती. गुरुवारी सकाळी ती आपणहून आंघोळ करायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि ओट्यावर येऊन बसायची. “शेगावले काऊन नेत नाई तुमी मले?” हा एकच प्रश्न. दादानं तिला दोन-तीनदा टाळलं. मग मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी सुटी घेऊन गावी आलो आणि आम्ही चौघं दादाच्या गाडीनं निघालो.

वऱ्हाडातल्या माणसाला शेगाव समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच — महाराजांची समाधी तळघरात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. रांग मोठी असते पण ढकलाढकली नसते. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी असतात, बहुतेक खेड्यापाड्यांतले शेतकरी. आपापल्या पाळीनं येऊन ते सेवा देतात. ते समोरच्याला नावानं किंवा साहेब म्हणून हाक मारत नाहीत. बाई असो, पुरुष असो, अधिकारी असो की भिकारी, प्रत्येकाला ‘माऊली’.

आम्ही नऊ चाळीसला पोचलो. अकरा दहाला दर्शन झालं. समाधीपुढे मायनं डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. मागच्या बाईनंही घाई केली नाही. वर आल्यावर मायचा चेहरा मोकळा झालेला दिसला. दादा म्हणाला, आता थेट प्रसादाला बसू. साडेअकराच्या पंगतीला बसलो असतो तर मला आज लिहायला काहीच नव्हतं.

वहिनी तिला घेऊन बायकांच्या स्वच्छतागृहाकडे गेली. वहिनीच्या हातातच मायची पिशवी होती — बिस्किटं, साखरेची पुडी, शुगर तपासायचं मशीन. वहिनी नळावर हात धुऊन वळली, तर माय नव्हती. वहिनीच्या सांगण्याप्रमाणे मध्ये अर्धं मिनिट गेलं असेल. वेळ अकरा पंचवीस.

पहिली दहा मिनिटं आम्ही तिघं एकाच ठिकाणी गोल फिरलो. मग कामं वाटून घेतली. दादा बाहेर स्टॅण्ड आणि रेल्वे स्टेशनच्या रस्त्यानं गेला, कारण माय पूर्वी रेल्वेनं यायची. वहिनी आतल्या बाजूला शोधू लागली. मी चौकशीच्या खिडकीपाशी गेलो. तिथे माईक होता आणि माईकपाशी साठीचा एक सेवेकरी बसला होता. बोलण्यावरून जळगाव जामोदकडचा वाटला. त्यानं माझं ऐकून घेतलं, एका कागदावर लिहिलं, आणि सावकाश वाचलं — वडनेर भोलजीच्या शांताबाई, वय चौऱ्याहत्तर, हिरवं लुगडं, आपण जिथे असाल तिथून चौकशी कक्षाजवळ यावं, आपले चिरंजीव वाट पाहत आहेत. वेळ अकरा पन्नास.

सवयीनं मी वेळा वहीत टिपत होतो. बारा वाजता दुसऱ्यांदा पुकारलं. बारा दहाला तिसऱ्यांदा. कोणी आलं नाही.

बाहेर ऊन असं होतं की फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. सकाळचं इंजेक्शन आठ वाजताचं. त्यानंतर तिच्या पोटात अर्धी भाकर आणि कपभर दूध. मी मनात तास मोजत होतो आणि बहुधा ते माझ्या तोंडावर दिसत असावं, कारण सेवेकऱ्यानं पाण्याचा पेला पुढे सरकवला. मग विचारलं, “मायचं दुसरं काई नाव आहे का, माऊली?”

मी म्हणालो, नाही. शांताबाईच.

“माहेरचं?”

मी वही मिटली. तो म्हणाला, लग्नात नाव बदललं असेल ना. माणूस म्हातारा झाला, विसरायला लागला, की मागून जोडलेलं आधी गळतं. त्यांच्या गावात एक आजी होती, ती शेवटी फक्त पोरपणीच्या नावाला ओ द्यायची.

मी दादाला फोन लावला. तो स्टेशनच्या पुलावर होता, धापा टाकत होता. मी मायचं माहेरचं नाव विचारलं.

“मायचं नाव काय राह्यते बे? माय. तू आता हे इचारून राह्यला?” मग हळू आवाजात म्हणाला, “मले नाई मायती.”

मलाही माहीत नव्हतं. जिल्ह्यातल्या बहुतेक सरपंचांची नावं मी आडनावासकट बिनचूक लिहू शकतो. काना-मात्रेची चूक झाली तर वार्ताहराला झापतो. आईचं जन्मनाव मला माहीत नव्हतं. आधार कार्डावर शांताबाई, रेशन कार्डावर शांताबाई, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्यासोबत जोडलेल्या कागदांवर शांताबाई. वडिलांनी लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ते नाव लिहिलं होतं, एवढं ऐकलेलं होतं. त्याआधी ताटाबाहेर काय नाव होतं, हे कधी विचारावंसंच वाटलं नाही. तिचं माहेर साखरखेर्डा, तालुका सिंदखेडराजा. आजोबा गेल्यावर तिकडचं येणं-जाणं तुटलं. आम्ही तेव्हा लहान होतो. वहिनीला फोन केला, तिलाही ठाऊक नव्हतं. ती सासूला आत्याबाई म्हणते.

मी सेवेकऱ्याला सांगितलं, माहीत नाही.

त्यानं पुन्हा शांताबाई पुकारलं. बारा वीस. त्यानंतर एका गाडीचा नंबर पुकारला, ती रस्त्यात उभी होती. त्यानंतर एक पिवळी पिशवी. पुन्हा एकदा शांताबाई. तो शेवटचा पुकारा बारा एकतीसला संपला, ही नोंद माझ्या वहीत आहे. मग त्यानं माईकचं बटण बंद केलं. बटणाशेजारी लहान लाल दिवा होता, तो विझला. सेवेकरी भिंतीला टेकून बसला. मी खिडकीच्या या बाजूला, माईकपासून चार फुटांवर. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून मी त्या दिव्याकडेच पाहत होतो. पुढची दहा मिनिटं तो दिवा लागला नाही.

हे मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे, कारण सगळं इथेच आहे.

बारा एक्केचाळीसला पन्नाशीची एक बाई मायला कंबरेला धरून घेऊन आली. मायचं लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं, मान एका बाजूला कलली होती, पण ती चालत होती. बाई माझ्याकडे न पाहता सेवेकऱ्याला म्हणाली, “ही घ्या तुमची गोदू. पुकारली न तुमी.”

सेवेकरी उठला. “आमी शांताबाई पुकारली, माऊली. गोदू कोन?”

“आता अशात. दहा मिन्टं बी नाई झाले. साखरखेर्ड्याची गोदू म्हनून.”

“नाई पुकारलं.”

“म्या काय कानात बोळे घातले का, भाऊ?”

मी मध्ये पडलो, ही माझी आई आहे म्हणालो. सेवेकऱ्यानं एकदा माझ्याकडे, एकदा मायकडे पाहिलं. म्हणाला, “बसवा तिले आधी. बोलनं मंग.”

वहिनी धावत आली. मशीनवर आकडा आला — एकावन्न. साखरेचं पाणी दिलं, केळं दिलं, मग तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. त्यांनी विचारलं, वाटेत काही खायला दिलं होतं का. त्या बाईनं दिला होता, गुळाचा खडा. ऊन लागलं असेल असं समजून. डॉक्टर म्हणाले, त्या गुळानं इथवर आणलं. ही अजून पाव तास बसून राहिली असती तर तशीच आडवी झाली असती, आणि लोकांना वाटलं असतं की म्हातारी झोपली आहे.

वहिनी तिथे पहिल्यांदा रडली.

तासाभरानं माय वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी वही घेऊन त्या बाईपाशी बसलो. तिचं नाव विमलबाई. चिखलीजवळ दीड एकरात वांगी आणि मेथी लावते, सोमवारच्या बाजारात स्वतः विकते. बहिणीला घेऊन दर्शनाला आली होती. तिनं सांगितलं ते असं — बाहेरच्या भिंतीच्या सावलीत बायका ओळीनं बसल्या होत्या. माय गुडघे पोटाशी घेऊन शेवटाला बसली होती आणि आवाज न करता रडत होती. विमलबाईनं गाव विचारलं, नाव विचारलं, ती एक अक्षर बोलली नाही. माईकवर शांताबाईचं नाव आलं तेव्हा विमलबाईनं तिला कोपरानं हलवून विचारलंही की, तुम्हीच का शांताबाई. मायनं मान हलवली. नाही. अगदी ठामपणे नाही. म्हणून विमलबाईनं तो विषय सोडला. हिरव्या लुगड्याच्या तिथे दहा जणी होत्या.

“मंग थे माईकवर आलं,” विमलबाई म्हणाली.

काय आलं, जसंच्या तसं सांगा, असं मी म्हणालो. तिनं सांगितलं आणि मी लिहून घेतलं: “गोदू... ए साखरखेर्ड्याच्या गोदू, कामून रडती? इकडं ये. चौकशीपाशी ये.”

ते ऐकताच मायनं मोठ्यानं ‘ओ’ दिली आणि भिंतीला धरून उभी राहिली. तोल जायला लागला म्हणून विमलबाईनं धरलं, गुळाचा खडा तोंडात घातला आणि विचारत-विचारत खिडकीकडे आणलं.

आवाज कोणाचा होता, मी विचारलं. पुरुषाचा, ती म्हणाली. म्हातारा, पण ठणठणीत. माईकवरचाच, घुमत होता. “पन घाई नोती त्याले. मले हासूच आलं. दिवसभर माऊली माऊली करतेत अन् हा पोरीले बोलवल्यावानी बोलवते. अन् कामून म्हने. आमी काऊन म्हनतो. म्या मनात म्हनलं, हा मानूस जालन्याकडचा दिसते.”

मी लिहायचं थांबलो. आमच्या घरात, आमच्या तालुक्यात सगळे ‘का’ला काऊन म्हणतात. मायही काऊनच म्हणायची. माईकवरचा सेवेकरी काऊन म्हणणारा होता. ‘कामून’ हा शब्द जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा — सिंदखेडराजा, देऊळगावराजा, पुढे जालना. विमलबाईनं तो बनवून सांगावा असं काही कारण नव्हतं. तिच्या लेखी तो फक्त गमतीचा उच्चार होता.

संध्याकाळी परतताना गाडीत मी मायला विचारलं, “माय, तुले कोनी बोलावलं?”

“घरच्यानं.”

“काय म्हनून बोलावलं?”

“गोदू म्हनून.” मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं, परक्याकडे पाहावं तसं. “कामून? तुला काय करायचंय?”

दादानं गाडी बाजूला घेतली. पन्नास वर्षांत आम्ही दोघांनी तिच्या तोंडून ‘कामून’ ऐकलं नव्हतं, ‘तुला’ही नाही. तुले, मले हीच तिची भाषा होती.

वहिनी मागून म्हणाली, “भाऊजी, हे कोनाले सांगू नका. लोकं आत्याबाईले पाहाले येतीन.” मी हो म्हणालो. बातमी केली नाही. पण चौकशी केली, ती मला टाळता आली नाही.

पुढच्या आठवड्यात शेगावला जाऊन त्याच सेवेकऱ्याला गाठलं. पाळी संपवून तो गावी निघाला होता. त्या दिवशीच्या पुकाऱ्याच्या चिठ्ठ्या त्यानं काढून दाखवल्या. गोदू नावाची एकही नव्हती, साखरखेर्ड्याचं कोणी नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या गोदूला दुसरं कोणी हाक मारली असेल, ही माझी पहिली शंका. पण तशी बाई हरवल्याचं कोणी सांगायला आलं नव्हतं, आणि दुसरा माईक त्या बाजूला नव्हता. मी सेवेकऱ्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं. तो म्हणाला, “माय भेटली ना, माऊली? मंग झालं.” आणि पिशवी उचलून चालायला लागला.

दोन आठवड्यांनी सोमवारी चिखलीच्या बाजारात विमलबाईला पुन्हा भेटलो. न सांगता गेलो होतो. मेथीच्या जुड्या बांधता-बांधता तिनं तेच शब्द, त्याच क्रमानं सांगितले. तिच्या बहिणीला वेगळं विचारलं. बहिणीनं काही ऐकलं नव्हतं. ती त्या वेळी पाणी प्यायला गेली होती. ओळीतल्या बाकीच्या बायका कुठल्या, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. हा या गोष्टीतला कच्चा दुवा आहे आणि तो मी लपवत नाही. मायनं स्वतःच आधी नाव पुटपुटलं असेल आणि विमलबाईच्या आठवणीत सरमिसळ झाली असेल, असं म्हणता येतं. मीही बरेच दिवस तसं म्हणून पाहिलं. पण मग विमलबाई खिडकीपाशी येऊन भांडली असती का?

शेवटी साखरखेर्ड्याला गेलो. मायचा एक चुलतभाऊ हयात आहे, रंगनाथमामा. वय ऐंशीच्या पुढे, कान तल्लख, जीभ त्याहून. मी कोण, काय करतो ते सांगून मायचं लग्नाआधीचं नाव विचारलं.

“पेपरात कामाला हाय म्हणतो,” ते म्हणाले, “अन् आईचं नाव पुसत दुसऱ्या तालुक्यात फिरतो.”

मी मान खाली घातली. ते म्हणाले, “गोदावरी. घरात गोदू.”

मग बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं. लग्नानंतर गोदू पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा सगळे सवयीनं गोदूच म्हणत होते. तिच्या सासूच्या, म्हणजे माझ्या आजीच्या कानावर ते गेलं. आजीनं निरोप धाडला की आमच्या घरची लक्ष्मी शांता आहे, जुन्या नावानं हाक मारून तिला परत ओढू नका. तेव्हापासून माहेरच्यांनीही ते नाव सोडलं. सासरी तिच्या ‘कामून’ला सगळे हसायचे, म्हणून दोन वर्षांत ती ‘काऊन’ म्हणायला लागली. “मग इकडं आली की आम्ही हसायचो,” मामा म्हणाले. “मग ती बोलायचीच कमी झाली.”

लहानपणी ती कधी शेगावला गेली होती का, तिथे हरवली होती का, असं मी विचारलं. मला एखादी जुनी आठवण सापडायला हवी होती, जी तिच्या डोक्यात पुन्हा वाजली असेल. मामांनी नाही म्हटलं. त्यांचं सगळं मेहकरच्या बालाजीला. शेगाव तिला सासरी गेल्यावरच ठाऊक झालं.

ते कसं, हे वहिनीनं सांगितलं. आईबाप गेले, माहेरचा रस्ता बंद झाला. दिवाळीत गल्लीतल्या सगळ्या बायका पिशव्या भरून माहेरी निघायच्या, तेव्हा मायही पिशवी भरायची आणि शेगावला जायची. दोन दिवस राहून यायची. कोणी विचारलं तर म्हणायची, माहेराहून आली. मला ते आठवत होतं. मी ते भाबडी भक्ती म्हणून सोडून दिलं होतं.

हे सगळं मी विमलबाईला फोनवर सांगितलं. तिला ऐकायचा हक्क होता. तिला काहीच आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, “माहेरी आलती न थे, भाऊ. माहेरी कोनी सासरच्या नावानं पुकारते का?”

याला मी पुरावा म्हणणार नाही. बंद माईकवरून आवाज कसा गेला, तो भिंतीपाशी बसलेल्या दोघींना ऐकू आला आणि चार फुटांवर उभ्या असलेल्या मला का आला नाही, जे नाव तिच्या दोन्ही मुलांना माहीत नव्हतं ते कोणी घेतलं, आणि ते साखरखेर्ड्याच्या बोलीत कसं घेतलं — यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर जरूर सांगा. मी अजूनही चमत्कार मानत नाही. फक्त या गोष्टीला दुसरं काय म्हणावं, ते मला सुचलेलं नाही.

माय आता शांताबाई या नावाकडे, ‘माय’ किंवा ‘आत्याबाई’ या हाकेकडेही वळून पाहत नाही. तसं जेवायला बोलावलं तर येत नाही, इंजेक्शनला हात देत नाही. पहिले काही दिवस वहिनीचे हाल झाले. मग एका दुपारी तिनं आधी सासूच्या पाया पडून, “आत्याबाई, माफ करजा,” म्हटलं आणि दारातून हाक मारली, गोदू, चाल जेवाले. माय उठून आली. तेव्हापासून तसंच चालू आहे. दादाच्या तोंडून ते नाव निघत नाही. माझ्याही निघत नाही.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. सकाळची वेळ होती, माय ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी शेजारी बसलो. तिनं बराच वेळ मला पाहून घेतलं आणि विचारलं, “कोनाचा रं तू?”

एरवी मी माझं नाव सांगतो आणि ती ते लगेच विसरते. त्या दिवशी म्हणालो, “शांताबाईचा.”

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे माझ्या तळहातावर ठेवले. “बरी हाय का ती?”

“हो,” मी म्हणालो. “बरी आहे.”

“गेला की सांग तिला,” माय म्हणाली. “गोदू पुसत होती म्हणावं.”